तयारीची वर्षं

शिक्षक : एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी विचारतो, पुढं काय? निम्म्याहून जास्त जण एकच उत्तर देतात, तयारी. कसली, ते विचारावं लागत नाही. राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा, नाहीतर कम्बाईन, मध्येच तलाठ्याची किंवा बँकेची जाहिरात निघाली तर तीही. यातल्या कित्येकांनी अर्थशास्त्र शिकायचं म्हणून प्रवेश घेतलेला नसतो. वसतिगृह मिळतं, ग्रंथालयाचं कार्ड मिळतं, शिष्यवृत्ती आणखी दोन वर्षं चालते, म्हणून घेतलेला असतो. मी वर्गात दांडेकर आणि रथ यांच्या दारिद्र्यावरच्या अभ्यासाबद्दल बोलत असतो. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या या दोघांनी १९७१ साली, इथेच पुण्यात, माणसाला जगायला किती उष्मांक लागतात तिथून सुरुवात करून देशातली गरिबी मोजली. समोर आठ-नऊ जण असतात. त्यातला एक हात वर करतो आणि विचारतो, सर, यावर आयोगाने प्रश्न विचारलाय का? त्या मुलावर मी रागावत नाही. पण ज्या वयात एखादा विषय माणसाच्या अंगात भिनतो, ते वय आपण प्रश्नसंचांवर खर्च करतो आहोत, आणि पदवीनंतरची चार, पाच, कधी आठ वर्षंही त्याच रांगेत उभी करतो आहोत. रांगेत उभं राहायला माझी ना नाही. रांग कधी सोडायची हे कुणीच ठरवून येत नाही, माझा आक्षेप त्याला आहे.

विद्यार्थिनी : सर, वर्ग रिकामा असतो तेव्हा ती मुलं झोपलेली नसतात. माझाच दिवस सांगते. सकाळी सातला मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असते. हात पसरता येणार नाहीत एवढा डेस्क, दोन्ही बाजूंना प्लायवूड, वर एक सॉकेट. आतल्या बाजूला आधीच्या कुणा मुलीनं चिकटवलेलं वेळापत्रक आहे, २०१९ सालचं. मधल्या मुलींनी ते काढलं नाही, मीही नाही. सव्वादहाला मेस. तिथून बस धरून विद्यापीठ, तुमचे तास, ते मी सहसा बुडवत नाही. चारला परत. मग उत्तरं लिहायचा सराव, कारण आता लिहावं लागतं. कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. मुलांची अभ्यासिका रात्रभर चालते, पण आमच्याकडे साडेनऊला खाली कुलूप लागतं, त्यामुळे आमचा अभ्यास कॉटवर होतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा पोहे. याला तुम्ही रांगेत उभं राहणं म्हणता. मी माझ्या आयुष्यात इतकं शिस्तीत कधीच जगले नव्हते.

आणि दुसरी दारं कुठली आहेत? प्राध्यापक व्हावं म्हटलं तर आधी सेट किंवा नेट. १८ जून २०२४ ला लाखो मुलांनी नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. समजा सेट-नेट झाली, तरी पुढे तासिका तत्त्व. तास भरले तर पैसे, सुट्ट्यांत काही नाही, आणि कायम जागेची मुलाखत असली की पहिली चौकशी असते, संस्थेत ओळख कुणाची? आयोगाच्या पेपरवर माझं नाव नसतं. माझ्या बापाकडे किती एकर आहे, आम्ही कुठल्या आळीतले, मला कोण ओळखतं, यातलं काही तपासणाऱ्याला दिसत नाही. आमच्याकडच्या मुलीला असं दार दुसरीकडे कुठं सापडतं ते मला सांगा.

शिक्षक : तुझी शिस्त मी पाहतो, तिच्याबद्दल वाद नाही. दाराबद्दल मात्र बोलू. २०२५ ला राज्यसेवेसह निघालेली संयुक्त जाहिरात ३८५ जागांची होती. हा आकडा अख्ख्या राज्यासाठी आहे, आणि त्यात राज्यसेवेबाहेरच्या सेवांची पदंही आली. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींजवळ होती. कितीही हुशार मुलं असोत, ३८५ च आत जाणार.

तू हॅरिस-टोडॅरो वाचलं आहेस. १९७० चा तो निबंध. शहरात बेकारी डोळ्यांना दिसत असूनही माणसं खेडं सोडून शहरात का येतात, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की, माणूस शहरातला पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो, आणि तो गुणाकार गावच्या कमाईपेक्षा जास्त भरला की गाठोडं बांधतो. शहाणपणाचाच निर्णय असतो तो. पण प्रत्येकानं शहाणपणानं घेतलेला निर्णय मिळून शहरात बेकारांची फौज उभी राहते. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता ही त्या निबंधाची सजीव प्रत आहे. एक फरक मात्र मला अस्वस्थ करतो. हॅरिस-टोडॅरोचा माणूस शक्यता बरोबर मोजतो असं गृहीत आहे. इथं चौकाचौकात क्लासेसचे फलक लागतात, त्यावर निवड झालेल्यांचे चेहरे असतात. जे सात वर्षांनी ट्रंक घेऊन एसटीत बसले त्यांचा फलक कुणी लावत नाही. मग शक्यता मोजायची कशावरून?

आणि नियमही जागेवर राहत नाहीत. ५ एप्रिल २०२० ला व्हायची पूर्व परीक्षा ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. त्याआधी १४ मार्चची तारीख ऐन वेळी पुढे गेली, तेव्हा मुलं रस्त्यावर उतरली. २०२२ मध्ये आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं जाहीर केलं, त्यावरही आंदोलनं झाली, आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. २०२५ ची पूर्व २८ सप्टेंबरला होती, ती अतिवृष्टीमुळे ९ नोव्हेंबरला झाली. यातलं प्रत्येक कारण त्या त्या वेळी योग्य असेलही. पण खोलीचं भाडं तर त्या महिन्यांतही द्यावंच लागतं.

विद्यार्थिनी : सप्टेंबरची परीक्षा पुढे गेली ते बरंच झालं सर. आमच्या कळंब तालुक्यात तेव्हा शेतात पाणी होतं. सोयाबीन काळं पडलं. त्या आठवड्यात मी पेपर दिला असता तर काय लिहिलं असतं कुणास ठाऊक.

जागांचं म्हणाल तर जाहिरातीतला आकडा शेवटचा नसतो. २०२२ च्या राज्यसेवेची जाहिरात १६१ जागांची निघाली होती, वाढत वाढत ६२३ वर गेली. मुलं थांबतात ती असं झालेलं पाहून. शिवाय मी ३८५ मधली एक होण्यासाठी सगळ्यांशी लढत नाही. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, १९९४ च्या महिला धोरणापासून. मुलींनी अर्ज भरावेत म्हणूनच ते आणलं गेलं. आता आम्ही भरतो आहोत, तर गर्दी झाली म्हणायचं?

वर्णनात्मक पद्धतीला घाबरून काहींनी आंदोलन केलं, कारण त्यांची वर्षं चार पर्यायांतून एक निवडण्यात गेली होती. त्यांचं नुकसान खरं आहे. माझ्यासाठी मात्र ती चांगली गोष्ट घडली. आता निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आहेत, वैकल्पिक विषयाचे दोन. लेखी १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. माझा वैकल्पिक विषय अर्थशास्त्र आहे. तुम्ही दांडेकर-रथ शिकवलेत ते माझ्या कामाला येणार आहेत. म्हणजे पदवी एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे अशी फाळणी राहिलेली नाही. त्या मुलानं तुम्हाला विचारलं, यावर प्रश्न आलाय का, तर त्याला सांगा, आता येईल.

शिक्षक : दांडेकर-रथ वाचायला आयोगाची परवानगी लागू लागली तर मला वाईट वाटेल, पण तो माझा प्रश्न आहे, तुझा नाही. वर्णनात्मक पद्धत आली हे चांगलंच झालं, तेवढं मी मान्य करतो.

आरक्षणाचंही मान्य. माझं म्हणणं थांबण्याबद्दल आहे. तामिळनाडूत २००१ ते २००६ या काळात बरीचशी सरकारी भरती गोठवली होती. जागाच नाहीत म्हटल्यावर मुलं दुसरीकडे वळतील, असं कुणालाही वाटेल. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञानं नंतर आकडेवारी तपासली, तेव्हा उलटं दिसलं. पदवीधर तरुण नोकरी न करता अधिक काळ तयारी करत बसले, आणि भरती पुन्हा सुरू होऊन कितीतरी वर्षं लोटली तरी त्या पिढीची कमाई मागेच राहिली. तयारीत शिकलेलं पुढे बाजारात उपयोगी पडतं, असं आपण मानतो. ते तिथं दिसलं नाही. माझ्या धास्तीला आधार आहे तो एवढा.

आता आपली वयोमर्यादा बघ. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. सवलत म्हणून ती मागितली गेली आणि सवलत म्हणूनच दिली गेली. यूपीएससीत खुल्या गटाला ३२ वय आणि सहा संधी. कठोर आहे, पण कधीतरी बस्स म्हणणारा एक आकडा तिथं आहे. आपल्या आयोगानेही २०२० च्या अखेरीस संधींवर मर्यादा आणायचं ठरवलं होतं, नंतर ते मागे घेतलं. मुलं खूश झाली. मला काळजी वाटली. ३८ पर्यंत दार उघडं असेल तर तिसाव्या वर्षी परत फिरणारा स्वतःलाच भित्रा समजतो. थांबायचं ओझं आपण संस्थेच्या खांद्यावरून काढून पोराच्या खांद्यावर ठेवलं. आई-बाप म्हणत नाहीत बस्स कर, मित्र म्हणत नाहीत, क्लास तर नाहीच म्हणणार. मग ते म्हणायचं कुणी?

विद्यार्थिनी : सर, तुमच्या गुणाकाराकडे परत जाते. एका बाजूला पगार गुणिले शक्यता. दुसऱ्या बाजूला गावची कमाई. माझ्या बाबतीत ही दुसरी बाजू तुम्ही किती धरलीत?

शिक्षक : एखाद्या खासगी शाळेत शिकवशील, बँकेच्या एजन्सीत बसशील. महिन्याला दहा-बारा हजार.

विद्यार्थिनी : तिथं शून्य लिहा. बी.ए.ला असल्यापासून माझ्यासाठी स्थळं येतात. आत्या फोटो मागवते, मामा बायोडेटा करून ठेवतो. आई प्रत्येकाला एकच सांगते, तिची तयारी चालू आहे, एवढी परीक्षा होऊ द्या. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस गप्प बसतो. पोरगी उद्या अधिकारी झाली तर, असं त्याच्या मनात येतं. मी नुसती एम.ए. करते म्हटलं असतं तर कुणी थांबलं नसतं, एम.ए. काय, लग्नानंतरही करता येतं. पुण्यात नोकरी करते म्हटलं असतं तर म्हणाले असते, पंधरा हजारांसाठी पोरीला एवढ्या लांब कशाला ठेवायचं? माझ्या खोलीतल्या चौघींपैकी तिघींची हीच गोष्ट आहे. चौथीचं लग्न ठरलंय. तिचा प्रीचा निकाल लागला त्याच आठवड्यात ठरलं.

म्हणून मला ३८५ जागांची भीती दाखवून उपयोग नाही. पोस्ट निघाली तर हवीच आहे, तिच्यासाठीच मी सातला उठते. पण पोस्ट निघाली नाही तरी मधली वर्षं माझ्या नावावर जमा होतात. या वर्षांत मी एकटी एसटीनं फिरायला शिकले, बँकेत भांडायला शिकले, संविधान वाचलं, वर्तमानपत्राचं संपादकीय वाचून माझं मत वेगळं आहे असं म्हणायला शिकले. हे सगळं तुमच्या मॉडेलमध्ये कुठल्या रकान्यात जातं?

शिक्षक : कुठल्याच नाही. हे मी धरलं नव्हतं, आणि धरायला हवं होतं. वर्गात मुलींची संख्या वाढते हे आम्ही अभिमानानं सांगतो. ती कशाच्या आडोशानं वाढते ते कधी विचारत नाही.

पण आता तुझ्याच म्हणण्यावरून मी माझा प्रश्न अधिक टोकदार करतो. तुला हवा आहे तो वेळ. पोस्ट हे त्या वेळेचं घरच्यांना पटणारं कारण. ठीक. मग वेळ विकत घ्यायला किती पडतं आणि ते कोण भरतं, हे बघायला नको? तुझे वडील महिन्याला किती पाठवतात?

विद्यार्थिनी : नऊ हजार. दोन-अडीच क्विंटल सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये होता, पण तो कागदावर. भिजलेल्या मालाला तेवढा कोण देतो? कॉट, मेस, अभ्यासिका भरून हातात फार उरत नाही. टेस्ट सिरीज मी एकीबरोबर अर्धी अर्धी लावली आहे. भाऊ बारावीत आहे. त्याला नीट परीक्षेचा क्लास लावायचा होता, यंदा नाही जमलं.

शिक्षक : तर मग तुझा वेळ तुझा भाऊ भरतो आहे. हे तुला दुखवायला म्हणत नाही. असा वेळ उधारीचा असतो, आणि उधारी देणाऱ्याला परतफेडीत पोस्टच हवी असते. ती निघाली नाही तर? आज आत्या गप्प बसते कारण तू उद्या अधिकारी होशील. आणखी चार वर्षांनी तीच आत्या म्हणेल, एवढी वर्षं पुण्यात राहून काय केलं? तेव्हा स्थळं वेगळी येतील, बोलणी वेगळ्या सुरात होतील, आणि तुझ्या हातात स्वतःची कमाई नसेल. वेळ मिळाला खरा, पण तो संपताना तू आजच्यापेक्षा दुबळ्या जागी उभी असशील. कमावणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे होत नाही. पंधरा हजार असोत, ते तिचे असतात. खोलीचं भाडं जी स्वतः भरते तिला घरी परत ये म्हणणं अवघड जातं. म्हणून मी नोकरी म्हणतो. आणि अर्धवेळ तयारी करून ३८५ मध्ये कुणी जात नाही, म्हणून म्हणतो की दोन्हींपैकी एक निवड.

विद्यार्थिनी : नोकरी करणारी मुलगी मोकळी असते, हे शहरातल्या घरांत खरं असेल. आमच्याकडे तिचा पगार घरी जातो आणि तिचं लग्नही ठरलेल्या वेळीच होतं. पगार आहे म्हटल्यावर तर स्थळं वाढतात. आणि मिळणारी नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची. बाराव्या महिन्यात मी त्याच आत्यासमोर उभी.

भावाचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. ते मला कळत नाही असं नाही. मी अभ्यासिकेत पाय दुमडून बसते तेव्हा ते कळतच असतं. पण त्याच्या वाट्याचं घेतलं म्हणून मी सोडून द्यायचं, तर हे फक्त मुलींनाच का सांगितलं जातं? माझा चुलतभाऊ सहा वर्षं इथं होता. त्याला कुणी विचारलं नाही, तू कुणाचा वेळ खातोस.

शिक्षक : त्यालाही विचारायला हवं होतं. तुला विचारू नये असा त्याचा अर्थ होत नाही.

माझी एकच मागणी आहे. सुरू करतानाच शेवट लिहून ठेव. दोन मुख्य परीक्षा, किंवा अमुक वय, काय ते तू ठरव. आणि ते वडिलांना सांग. मनात ठेवलेली मर्यादा निकालाच्या दिवशी वितळते. दोन गुणांनी कटऑफ हुकला की माणूस म्हणतो, आणखी एकदा. दोन गुणांनी हुकणारे तर दर वर्षी असतात, परीक्षेची रचनाच तशी आहे. मर्यादा दुसऱ्या कुणाला माहीत असेल तरच ती टिकते.

विद्यार्थिनी : दुसऱ्या कुणाला सांगेन. बाबांना नाही सांगता येणार. ज्या दिवशी मी म्हणेन की दोन मेन्सनंतर थांबते, त्या दिवसापासून घरात मोजणी सुरू होईल. आई आत्याला सांगेल, दोन वर्षांनी बघू. मी आज जे धरून आहे ते सगळं या अनिश्चिततेवर उभं आहे सर. तुम्हाला ती रोगासारखी वाटते, मला तिच्यामुळे श्वास घेता येतो. मुलांना हीच अनिश्चितता संपवते, हे मी पाहते; अभ्यासिकेतल्या एका दादाच्या चेहऱ्यावर रोज दिसतं. मला अजून तिनं संपवलेलं नाही. कधी संपवायला लागेल ते मला कळेल का, याची मात्र खात्री नाही.

आणि मी तुम्हाला एक विचारू? मी थांबले, समजा दोन मेन्सनंतर. तेव्हा माझ्या हातात तुमच्या विभागाची पदवी असेल. तिच्यावर मी कुणाकडे जायचं? तुम्ही आम्हाला हॅरिस-टोडॅरो शिकवलंत, पण एक सर्वेक्षण करायला नेलं नाहीत. प्रबंधाच्या नावाखाली आम्ही जुन्या प्रती बघून पन्नास पानं भरतो. परीक्षेनं मुलं पळवली म्हणता, पण ती पळून गेली तेव्हा वर्गात त्यांना धरून ठेवील असं काय होतं?

शिक्षक : याला माझ्याकडे उत्तर नाही. निधी नाही, जागा भरलेल्या नाहीत, अर्धा विभाग तासिका तत्त्वावर चालतो. ही कारणं खरी आहेत आणि तुझ्या प्रश्नाला ती पुरत नाहीत.

एक काम आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या काही गावांत पीक नुकसानीचं घरोघर सर्वेक्षण होणार आहे. मानधन मोठं नाही, कामही तीनच महिन्यांचं. पण प्रश्नावली तुला बनवता येईल, माहिती तुझ्या हातातून जाईल, अहवालावर तुझं नाव येईल. त्या तीन महिन्यांत अभ्यासिका होणार नाही, हे आधीच सांगतो. तुझ्या घरी सांगायला ते कारण म्हणून चालेल की नाही, ते मला माहीत नाही.

विद्यार्थिनी : सरकारी सर्वेक्षण आहे का?

शिक्षक : नाही. विद्यापीठाचा प्रकल्प आहे.

विद्यार्थिनी : मग घरी चालणार नाही. पण कळंबला असेल तर मी तिथं राहून करेन, आणि आईला सांगेन की मुलाखतीत हे विचारतात. खोटं नाही ते, विचारतातच. मानधनातून भावाची फी भरेन. पुढची जाहिरात आली की फॉर्मही भरणार. दोन्ही एकत्र होत नाही, असं तुम्ही म्हणता. बाबांच्या नऊ हजारांवर बसून एकच करत राहणं मलाही झेपणारं नाही, एवढं आज कळलं. पण दोन्हींतलं एक आत्ताच सोडावं, हे मला पटलेलं नाही.

शिक्षक : आणि कटऑफ दोन गुणांनी हुकला, तर ते दोन गुण या तीन महिन्यांत गेले असं वाटणार नाही तुला?

विद्यार्थिनी : वाटेल. प्रश्नावली कधीपर्यंत हवी?